उचलल्याचा निरोप

"बाबांच्या गुडघ्याला मी आणखी किती दिवस शेक देत बसू, ते तरी एकदा सांगून टाका मला," नणंद फोनवर कुरकुरत होती. "परवा सूज होती. काल उतरली. आज दादा म्हणतो, परत चढली म्हणून सांग. अगं वहिनी, गुडघा आहे का भरती-ओहोटी?"

सूनबाईने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला. दाराच्या फटीतून बाहेरच्या खोलीतली आईंची, म्हणजे सासूबाईंची, पाठ दिसत होती. "हळू बोल ना जरा."

"मी दुसऱ्या गावात बसून हळू बोलू? तूच फोनचा आवाज कमी कर. आवाजाचंच तर काम करतेस."

हे मात्र खरं होतं. एखाद्या कचेरीत फोन लावला की 'कृपया थोडा वेळ थांबा' असं सांगून मागे जे गुळमुळीत संगीत वाजत राहतं, ते कोणीतरी बसून बनवलेलं असतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. सूनबाई ते बनवायची. लिफ्टमधलं, दवाखान्यात नंबराची वाट बघतानाचं, विमा कंपनीच्या जाहिरातीमागचं. बाहेरच्या खोलीला लागून एक अडगळीची खोली होती. तिथे संगणक मांडून, चाळिशी उलटल्यावर, व्हिडिओ बघत बघत ती हे शिकली होती. गुरू नाही, सर्टिफिकेट नाही. सासरे मात्र रोज सकाळी दारातून डोकं आत घालून विचारायचे, "काय सूनबाई, आज कुणाला ताटकळत ठेवायचं?"

त्या सासऱ्यांचा गुडघा दुखत नव्हता. त्यांचं आता काहीच दुखत नव्हतं.

झालं होतं असं. थंडीच्या सुरुवातीला आईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या दवाखान्यात असतानाच एका दुपारी बाबा घरी जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना आत्ता नका सांगू. थोड्या स्थिरावू द्या." ते 'आत्ता नको' मग घरात पाहुण्यासारखं आलं आणि घरजावयासारखं राहिलं. आईंना घरी आणलं त्या दिवशी नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "बाबा ना? धाकटीकडे आहेत. गुडघ्याने जिना चढवत नाही त्यांना." झालं. खोटं एकदा बोलणं सोपं असतं. त्याला रोज जेवूखाऊ घालणं जड जातं. गुडघ्याला शेक, मग मलम, मग पट्टा. बाबा आज भात कमी जेवले. बाबांना तिकडची हवा मानवली.

आणि गंमत अशी, की आईंसमोर सोडा, आपापसातसुद्धा तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. 'ते झालं तेव्हा' म्हणायचे. 'त्या दुपारी' म्हणायचे. नवरा तर नुसता "तेव्हा" म्हणून थांबायचा आणि चष्मा पुसायला लागायचा.

आईंना बोललेलं सगळं समजत होतं. सुरुवातीला त्या डाव्या हाताने पियानोच्या बाकाकडे बोट दाखवायच्या, उजवीकडच्या अर्ध्या भागाकडे. मग कोणीतरी गुडघा सांगायचं. हळूहळू त्यांनी बोट दाखवणं बंद केलं. सूनबाईला त्या बोटापेक्षा ते बंद होण्याचीच भीती जास्त वाटली.

तो बाक दोघांचा होता. आईंनी उभा जन्म मुलांना पियानो शिकवण्यात घालवला होता. बाबांनी जन्मभर नकाशे काढले. पियानोतलं त्यांना एकच येत होतं: आईंनी शिकवणीतल्या मुलांसाठी बांधलेल्या एका झुलत्या चालीचा वरचा अर्धा भाग. आई डावीकडे बसून खालचे सूर सांभाळायच्या, बाबा उजवीकडे बसून वरचे. नकाशात केसभर चूक न करणारा माणूस, पण तालावर दर वेळी मागून यायचा, बसच्या मागे धावल्यासारखा. मधल्या एका जागी काळी पट्टी चुकवून हमखास पांढरीवर बोट ठेवायचा. आई "च्" करायच्या. आणि शेवटचा सूर सोडायचाच नाही. आईंचे हात मांडीवर आले तरी ह्यांची करंगळी पट्टीवर दाबलेलीच, चेहरा साळसूद. मग आई त्यांच्या मनगटावर चापटी मारायच्या. "पुरे. उचला आता." मग उचलायचे. रोज.

बाकाची गादी जुनी झाली होती. माणूस उठला की दबलेला स्पंज लगेच वर यायचा नाही. सावकाश, उसासत यायचा. "माझ्यापेक्षा हीच जास्त कण्हते," बाबा म्हणायचे.

व्यायाम करून घ्यायला रोज एक बाई यायच्या, हसतमुख, दणकट. त्या दिवशी हसल्या नाहीत. सूनबाईला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाल्या, "पायात जोर येतोय. हाताला मात्र त्या मनावरच घेत नाहीत. स्वतःचा हात असून उशीसारखा बाजूला ठेवतात. अजून थोडे दिवस बघू. मग मी येऊन काही उपयोग नाही, खरं सांगते."

नणंदेने तिच्या गावातली एक संस्था बघून ठेवली होती. चांगली होती, स्वच्छ, खेळती हवा, नर्सा. महिनाअखेरीला ती गाडी घेऊन येणार होती. सूनबाईला वाईट म्हणायला जागा नव्हती. फक्त तिला आतून ठाम वाटत होतं, आई या बाकापासून एकदा उठल्या की परत यायच्या नाहीत. बोलायच्याही नाहीत. तो हात मग कायमचा उशी होईल.

म्हणून तिने ते जोडकाम करायचं ठरवलं.

पियानो डिजिटल होता. त्याच्यातून मिडीची एक केबल काढून तिने अडगळीच्या खोलीतल्या संगणकाला लावली. मिडीची मौज ही, की त्या केबलमधून आवाज जातच नाही. जातो तो निरोप. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली. मग, तीच पट्टी उचलली. एवढंच. आवाज काय काढायचा ते संगणकाने ठरवायचं. त्यामुळे मधे बसून वाटेल ते फेरफार करता येतात: कोणता निरोप कुठे पाठवायचा, कोणता गाळायचा, कोणता वाढवून सांगायचा. सूनबाई म्हणायची, हे काम कोणत्याही सुनेला जन्मजात येतं.

तिने पियानोचा स्वतःचा आवाज बंद केला. पट्ट्यांचे दोन भाग पाडले. मधल्या 'सा'पासून खालचे सगळे सूर पहिल्या चॅनलवर, साध्या पियानोच्या आवाजात. वरचे दुसऱ्या चॅनलवर. तिथे एक घंटेसारखा, मऊ, लांबणारा आवाज ठेवला, आणि मधे अशी अट घातली की बोट नुसतं टेकलं तरी सूर पूर्ण निघावा. निर्जीव हाताचा साधा भारही पुरेसा व्हावा. एकदा स्वतःच्या हातून असा गोड आवाज निघाला, की हाताला परत जावंसं वाटेल, असा तिचा हिशोब. आवाज बाहेरच्या खोलीत फडताळावर ठेवलेल्या दोन स्पीकरमधून येणार होता.

संगणकावर कोपऱ्यात एक छोटी खिडकी तिने उघडी ठेवली. येणारा प्रत्येक निरोप तिथे एकेका ओळीत दिसतो. दाबला, उचलला. दाबला, उचलला. या धंद्यात एकच कटकट असते: कधी कधी 'दाबला' पोचतो आणि 'उचलला' वाटेत हरवतो. मग तो सूर वाजतच राहतो. बिचाऱ्याला थांबायचं कोणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी एक बटण असतं, सगळं एकदम गप्प करणारं. त्याला पॅनिक म्हणतात. तसलं एक बटण घरासाठीही हवं, असं सूनबाईला बऱ्याचदा वाटे.

पहिल्या दिवशी आईंना बाकाच्या मधोमध बसवलं. थोड्या वेळात त्या सरकत सरकत डाव्या अर्ध्या भागात गेल्या. सूनबाई उजवीकडे टेकायला गेली तर त्यांनी डाव्या हाताने तिचा पदर धरून ओढला. नाही. तिथे नाही.

"बरं बाई, उभी राहते," सूनबाई म्हणाली. "माझा मेला जन्मच उभ्याने जायचा."

आईंच्या तोंडाचा चांगला कोपरा किंचित हलला. मग डावा हात पट्ट्यांवर गेला आणि झुलत्या चालीचा खालचा भाग सुरू झाला. वरचा नाही. उजवा हात शालीखाली, मांडीवर.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी सूनबाई आपल्या खोलीत कुठल्याशा बँकेसाठी लोकांना ताटकळत ठेवत होती. बाहेर आईंचा डावा हात चालू होता. अचानक पडद्यावर दुसऱ्या चॅनलचा हिरवा दिवा लुकलुकला. खिडकीत ओळ उमटली: दाबला. आणि स्पीकरमधून घंटेसारखा एक सूर तरंगत आला.

ती खुर्ची ढकलून धावली. "आई! वाजवलात!"

आई डावीकडे बसल्या होत्या. डावा हात पट्ट्यांवर. उजवा शालीखाली. शालीची घडीही मोडली नव्हती. त्या समोर बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच, कोणाची तरी चाहूल लागल्यावर असतो तसा भाव होता.

सूनबाई काही खुळी नव्हती. अशा गोष्टींना कारणं असतात. निरोप बाहेर जाऊन फिरून परत आत आला तर असं होतं. तिने सगळी जोडणी सोडून पुन्हा बांधली. केबल खराब असेल, नवी आणली. दुसऱ्या दिवशी तीन सूर आले. त्यानंतर एक अख्खी ओळ. ती ओळ तालाच्या किंचित मागून चालत होती.

तिने नवऱ्याला बोलावलं. तो दारात उभा राहिला. ऐकलं. मधल्या त्या एका जागी काळीऐवजी पांढरी वाजली, आणि बाकावरून स्पष्ट आवाज आला, "च्."

आईंच्या तोंडून.

"दूध उतू जाईल," म्हणून नवरा स्वयंपाकघरात गेला. शेगडीवर दूध नव्हतं.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला फोन केला तेव्हा तो हसला. "घोस्ट नोट म्हणतात त्याला आमच्यात. घाबरायचं काही नाही मॅडम, नाव मोठं, लक्षण खोटं. आत गंज असतो." संध्याकाळी तो आला. पियानो उघडला, टॉर्च तोंडात धरून आत वाकला आणि एकेक जोडणी तपासत गेला. मग टॉर्च काढून म्हणाला, "वरचे सूर येतात म्हणालात ना तुम्ही?"

"रोज."

"वरच्या अर्ध्या पट्ट्यांचा बोर्ड मेलाय हो. पार हिरवा पडलाय, सगळी जोडणी खाल्ली गेलीय. इथून निरोप निघणं शक्यच नाही." त्याने वरच्या पट्ट्या एकेक दाबून दाखवल्या. पडद्यावर काही उमटलं नाही. "बोर्ड मी घेऊन जातो. नवा मागवावा लागेल. तोवर हा वरचा भाग म्हणजे नुसतं फर्निचर समजा."

तो बोर्ड पिशवीत घालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी चाल सुरू केली, आणि फर्निचरमधून सूर आले.

सूनबाई पडद्यासमोर बसून राहिली. हिरवा दिवा लुकलुकत होता. भ्यायला हवं होतं हे तिला कळत होतं. पण खरं सांगायचं तर ती उठून दार लावायला गेली नाही. खिडकीतल्या ओळींत प्रत्येक सुराचा जोर आकड्यात दिसत होता. तिने सगळे सूर सारखे व्हावेत अशी अट घातली होती, पण ती या खिडकीनंतर, पुढे लागायची. इथे जे येत होतं ते कच्चं, जसंच्या तसं. अंगठ्याचे सूर जड, करंगळीचे हलके, मधल्या बोटाचे डगमगते. बोटांचा ठसाच जणू. तिच्या तोंडून नकळत निघून गेलं, "काय हो, आज कुणाला ताटकळत ठेवायचं?"

दिवा क्षणभर थांबला. मग चाल पुढे गेली.

हे बंद करणं तिच्या हातात होतं. दुसरा चॅनल पुसून टाकायचा, एक क्लिक. दोनदा तिने बाणही तिथवर नेला. पण आई आता सकाळी स्वतःहून केस विंचरून मागायला लागल्या होत्या. चांगलं लुगडं बोटाने दाखवायच्या. आणि व्यायामाच्या बाई एक दिवस स्वयंपाकघरात ओरडतच आल्या. "अहो, तर्जनी हलली! मी म्हटलं नव्हतं? काय करताय काय तुम्ही घरी?"

"संगीत," सूनबाई म्हणाली. याहून जास्त काय सांगणार?

एकच गोष्ट तिला खात होती. आता चाल रोज शेवटापर्यंत जात होती, पण वरचा शेवटचा सूर कधी येतच नव्हता. त्याच्या आधीच्या सुरावर सगळं थांबायचं. आई वाट बघायच्या. मान किंचित उजवीकडे वळायची. मग डावा हात मांडीवर यायचा.

महिनाअखेरीला नणंद गाडी घेऊन आली. रविवारची दुपार होती, लख्ख. खालच्या गल्लीत कोणीतरी गाडी धूत होतं, शेजारच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या. नणंदेने आईच्या गालाला गाल लावला आणि तोंडावर आलेलं वाक्य म्हणून टाकलं, "बाबा बरे आहेत गं. गुडघा जरा."

आईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. लहान मूल तोंडाला साखर लागलेली असताना 'मी नाही खाल्ली' म्हणतं, त्याच्याकडे बघावं तसं.

नणंद संगणकाच्या खोलीत येऊन धपकन बसली. "दादा, मला नाही जमत आता हे. गाडीत तिला मी काय सांगू? तिथे पोचल्यावर ती खोलीखोलीत शोधेल."

"तिथल्या डॉक्टरांना सांगू दे," नवरा म्हणाला.

"परका माणूस सांगणार? तू मोठा ना? तू सांग."

"मी त्या दुपारी घरात नव्हतो."

"म्हणजे वहिनीने सांगायचं? ती होती म्हणून?"

"मी चहा ठेवून त्यांना उठवायला गेले होते," सूनबाई म्हणाली. बॅग भरलेली होती. आईंचा चष्मा, औषधं, शाल.

बाहेर खालचे सूर सुरू झाले.

"वाजवते?" नणंद उठून दारात आली. "वहिनी, वाजवते ती! फोनवर का नाही सांगितलंस?"

मग वरचे सूर आले. किंचित मागून.

नणंदेचा हात चौकटीवर घट्ट झाला. "रेकॉर्डिंग लावलंयस तू?" तिने मागे न बघता विचारलं. "दादा, सांग तिला बंद करायला. हा काय चावटपणा आहे?"

"रेकॉर्डिंग नाही," नवरा म्हणाला. "बाबांचं कधी केलंच नव्हतं आपण."

पांढरी पट्टी चुकीची वाजली. "च्," आई म्हणाल्या.

चाल पुढे गेली. वळली. शेवटच्या ओळीला लागली. सूनबाई पडद्याकडे बघत होती. आधीचा सूर: दाबला, उचलला. आता थांबणार.

दाबला.

शेवटचा सूर आला होता. घंटेसारखा, मऊ, भरलेला. आईंचा डावा हात खाली मांडीवर आला. खालचे सूर विरले. वरचा वाजत राहिला.

वाजत राहिला.

'उचलला' येईना. सूनबाईने पॅनिक दाबलं. दिवा हिरवाच. पुन्हा दाबलं. आवाज खाली ओढता आला असता; पण तसं केलं की फक्त ऐकू येणं थांबतं, सूर आत चालूच राहतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बोट मागे घेतलं.

"बंद कर ना गं!" नणंद रडवेली झाली.

नवऱ्याने पुढे होऊन पियानोमागची केबल उपटली.

"अरे, नको!" सूनबाई धावत दारात येऊन ओरडली. केबलच काढली तर उचलल्याचा निरोप यायला वाटच उरत नाही. आता तो सूर असाच राहणार होता. नवरा केबलचं टोक हातात धरून उभा राहिला. सूर खोलीभर उभा होता, तिघांच्या मधे.

मग तिला गादी दिसली.

डावीकडे आई बसल्या होत्या. उजवीकडे कोणी नव्हतं. उजवीकडची गादी दबलेली होती.

आई त्या बाजूला वळल्या. शाल सरकली. शालीखालून उजवा हात निघाला. थरथरत, वजन उचलावं तसा. बोटं वाकडी होती. तो पट्ट्यांच्या वर, मनगटाच्या उंचीवर आला आणि हवेत काहीतरी लागल्यासारखा अलगद टेकला. हलकेच. एक चापटी.

"पुरे," आई म्हणाल्या.

आवाज खरखरीत होता, गंजलेल्या कडीसारखा. पण शब्द अख्खा होता.

"उचला आता."

सूर थांबला.

केबलचं टोक अजून नवऱ्याच्या हातात लोंबत होतं. आत, संगणकाच्या खिडकीत, एक नवी ओळ उमटली होती: उचलला.

खालच्या गल्लीत नळ बंद झाला. आईंनी उजवा हात तसाच त्या रिकाम्या जागेवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर ते जुनं, शिकवणीतल्या मुलाला बरोबर सूर सापडल्यावर यायचं, ते हसू होतं. एकेक शब्द शोधून, पुसून, त्या बोलल्या.

"तुम्ही... गेलात हो." मग तिघांकडे एकदा नजर टाकली. "यांच्यानं... सांगवेना. म्हणून... मी."

त्यांनी हात उचलला. निरोप देताना करतात तसा, जरासा वर.

"या आता."

आणि उजवीकडची गादी सावकाश, उसासत, वर आली.